बोदेगा: स्पेनमधल्या रोजच्या शब्दामागचं ग्रीक कोठार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बोदेगा म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न तुम्ही कुठे उभे राहून विचारता त्यावर उत्तर ठरतं. स्पेनच्या रिओहा भागात किंवा हेरेसमध्ये बोदेगा म्हणजे वाइन बनवण्याची आणि मुरवण्याची जागा, आणि ती वाइन बाजारात आणणारी कंपनीसुद्धा. जहाजावर बोदेगा म्हणजे माल भरायचा खालचा भाग. विमानतळावर बॅग ‘बोदेगात’ जाणार म्हणजे विमानाच्या पोटात जाणार, तुमच्या सीटवरच्या कप्प्यात नाही. मेक्सिकोत हाच शब्द गोदामाला लावतात. पेरूची राजधानी लिमा इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला बोदेगा म्हणतात, तर हवानात रेशनच्या दुकानाला.

मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे: कोठार, तळघर, वखार, गोदाम, वाण्याचं दुकान. स्पॅनिशमध्ये एकाच शब्दाने हा सगळा संसार सांभाळला आहे. मूळ अर्थ पाहिला की त्यात काही विचित्र वाटत नाही.

मूळ शब्द कोणता?

प्राचीन ग्रीकमधला ‘अपोथेके’. ‘अपो’ म्हणजे दूर, बाजूला. ‘थेके’ म्हणजे ठेवायची जागा, पेटी. म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या वस्तूंची जागा. वाइनचा त्यात उल्लेखही नाही.

इतिहासकार थ्युसिडिडीझने हा शब्द लष्करी संदर्भात वापरला आहे. इसवी सनपूर्व ४१४ मध्ये अथेन्सच्या सैन्याने सिसिलीतल्या सिराक्युज शहराला वेढा घातला. शहराच्या वरच्या पठारावर लाब्दालोन नावाच्या जागी त्यांनी एक गढी बांधली. लढायला किंवा तटबंदी बांधायला पुढे जाताना सामान आणि पैसा मागे सुरक्षित राहावा, म्हणून ही ‘अपोथेके’. पुढे त्या मोहिमेत अथेन्सची धूळधाण झाली, पण तो वेगळा विषय.

बायबलच्या नव्या करारातही शब्द येतो, तिथे अर्थ धान्याचं कोठार असा आहे. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, असं जे प्रसिद्ध वाक्य आहे त्यातली कोठारं मूळ ग्रीकमध्ये ‘अपोथेके’ याच शब्दाने सांगितली आहेत. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मरणाऱ्या श्रीमंत माणसाच्या गोष्टीतही तोच शब्द.

संस्कृतशी याचं काही नातं आहे का? उच्चार ओळखीचा वाटतो.

आहे, आणि चांगलं जवळचं आहे. इथे जरा रेंगाळतो, कारण मराठी वाचकाला हा भाग युरोपीय वाचकापेक्षा लवकर कळतो.

ग्रीक ‘अपो’ आणि संस्कृत ‘अप’ हे सख्खे भाऊ. अपहरण, अपवाद, अपकर्ष यांतला तो ‘अप’. आणि ‘थेके’ ज्या धातूपासून आलं तो ग्रीक ‘तिथेमि’ म्हणजे मी ठेवतो. संस्कृतात त्याचा जोडीदार ‘दधामि’, म्हणजे ‘धा’ धातू. निधी, निधान, विधान, परिधान, संधी हे आपले शब्द याच धातूचे. राष्ट्रीय मदत निधीतला निधी आणि माद्रिदमधली बोदेगा एकाच पुरातन घरातून निघाल्या आहेत.

‘दधामि’ आणि ‘तिथेमि’ यांच्यात आणखी एक गंमत आहे. दोन्ही भाषांत धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं. हिशेबाने संस्कृतात ‘धधामि’ आणि ग्रीकमध्ये ‘थिथेमि’ व्हायला हवं होतं. पण दोन्ही भाषांना लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण व्यंजन नको असतं, म्हणून पहिल्याचा हकार गळतो. हा नियम १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमान या जर्मन गृहस्थांनी मांडला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. ग्रासमान पेशाने शाळाशिक्षक आणि वृत्तीने गणिती. आज अभियांत्रिकीची मुलं सदिशांचं जे गणित शिकतात त्याच्या पायाभरणीत त्यांचा वाटा आहे. गणितातल्या कामाकडे त्या काळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा हे गृहस्थ संस्कृतकडे वळले. त्यांनी ऋग्वेदाचा शब्दकोश केला आणि अख्ख्या ऋग्वेदाचा जर्मन अनुवादही.

त्याच ऋग्वेदात, दुसऱ्या मंडलातल्या प्रसिद्ध इंद्रसूक्तात (२.१२.३), ‘यो गा उदाजदपधा वलस्य’ असा चरण आहे. वल नावाच्या असुराने कोंडून ठेवलेल्या गाई इंद्राने बाहेर काढल्या, हा प्रसंग. यातलं ‘अपधा’ हे रूप नेमकं कसं लावायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ‘अप’ आणि ‘धा’ ही जोडी आणि दडवून, कोंडून ठेवण्याची कल्पना त्यात स्पष्ट आहे. ग्रीकांनी आपला शब्द इथून घेतला असं मुळीच नाही. दोन भाषांनी एकाच वारशातले दोन तुकडे आपापल्या परीने जोडले, इतकंच.

मग हे कोठार वाइनचं कधी झालं?

रोमन लोकांच्या हातात आल्यावर. लॅटिनमध्ये शब्द ‘अपोथेका’ झाला आणि त्याचा अर्थ मुख्यतः वाइनचे रांजण मुरवत ठेवायची खोली असा झाला. कवी होरेसच्या एका उपरोधिक कवितेत ग्रीक महाकाव्याचा नायक युलिसीस तक्रार करतो, की बायकोच्या मागे लागलेल्या त्या तरुणांनी घरातली ना अपोथेका शिल्लक ठेवली ना गुरंढोरं.

ही खोली तळघरात असेल असं आपल्याला वाटतं. पण ती माडीवर असायची! पहिल्या शतकातला शेतीतज्ज्ञ कोलुमेला सांगतो, की अपोथेका अशा जागेच्या वर बांधावी जिथून धूर येत राहतो, कारण धुराच्या सोबतीने वाइन लवकर जुनी होते. स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा धूर वर सोडायचा आणि त्यात रांजण ठेवायचे, अशी ती योजना. आजच्या वाइनवाल्याला हे सांगितलं तर त्याला घेरी येईल.

हा कोलुमेला मूळचा गादेस या गावचा. गादेस म्हणजे आजचं कादिस, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. आणि जगप्रसिद्ध शेरी वाइनच्या बोदेगा ज्या हेरेस गावात आहेत ते याच कादिस प्रांतात येतं. अपोथेका कशी बांधावी हे लिहून ठेवणारा माणूस बोदेगांच्या मुलखातलाच निघावा, हा योगायोग मला फार आवडतो.

अपोथेकाचं बोदेगा कसं झालं? अक्षरं तर जुळत नाहीत.

जुळतात, फक्त जरा कान देऊन ऐकावं लागतं. लॅटिनची स्पॅनिश होताना दोन स्वरांच्या मधली कठोर व्यंजनं मृदू झाली. प चा ब, त चा द, क चा ग.

लांडग्याला लॅटिनमध्ये ‘लुपुस’, स्पॅनिशमध्ये ‘लोबो’. आयुष्याला ‘वीता’, स्पॅनिशमध्ये ‘विदा’. मित्राला ‘अमीकुस’, स्पॅनिशमध्ये ‘अमिगो’. अपोथेका या एका शब्दात हे तिन्ही बदल एकदम घडले. सामान्य रोमन माणसाला ग्रीक ‘थ’ मधला हकार जमायचा नाही, तो ‘त’ म्हणायचा. म्हणजे अपोतेका, त्यातून अबोदेगा.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. संस्कृत ‘कपाट’चं आपण ‘कवाड’ केलं: प मऊ होऊन व झाला, ट मऊ होऊन ड झाला. तोच खेळ.

सुरुवातीचा ‘अ’ गळाला त्यालाही आपल्याकडे जोड आहे. ‘अरण्य’चं रान झालं आणि ‘अरघट्ट’चा रहाट. स्पॅनिशमध्ये या गळतीला मदत करणारी एक गोष्ट होती. स्त्रीलिंगी नामाआधी तिथे ‘ला’ हा उपपद लागतो. ‘ला अबोदेगा’ भराभर म्हटलं की दोन ‘अ’ एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला ‘ला बोदेगा’ असंच ऐकू येतं. शेजारच्या पोर्तुगीजांनी मात्र ‘अ’ धरून ठेवला आणि मधला ‘बो’ सोडून दिला. त्यांच्याकडे वाइनच्या कोठाराला ‘अदेगा’ म्हणतात.

‘बोतिका’ हाही स्पॅनिश शब्द याच मुळाचा आहे असं ऐकलं. मग त्यातले त आणि क मऊ का झाले नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून शाबासकी.

बोतिका म्हणजे औषधाचं दुकान. जुना शब्द, आज दुकानाच्या पाटीवर ‘फार्मासिया’ लिहिलेलं असतं (तोही ग्रीकच), पण आजीच्या तोंडी बोतिका असतो. मूळ तोच, अपोथेके. फरक इतकाच की शब्द दुसऱ्यांदा, वेगळ्या दाराने आणि बराच उशिरा आत आला.

मधल्या काळात खुद्द ग्रीकांचा उच्चार बदलला होता. प्राचीन काळी जो स्वर दीर्घ ‘ए’ होता तो बायझंटाइन काळापर्यंत ‘ई’ झाला. अथेन्सचा थ्युसिडिडीझ ‘अपोथेके’ म्हणायचा, कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) व्यापारी ‘अपोथीकी’ म्हणू लागला. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून हे नवं रूप पश्चिमेला पोचलं. तोवर प-त-क मऊ होण्याची लाट ओसरली होती, म्हणून त आणि क जसेच्या तसे राहिले. बोदेगातला ‘दे’ आणि बोतिकातला ‘ति’ एवढ्या दोन अक्षरांवरून कळतं, की पहिला शब्द रोमन काळापासून घरात आहे आणि दुसरा मध्ययुगात जहाजातून उतरला.

त्याच ‘ई’वाल्या रूपातून दक्षिण फ्रान्समार्गे फ्रेंच ‘बुटीक’ तयार झालं. कतालान भाषेत ‘बोतिगा’ म्हणजे कुठलंही दुकान. आणि लक्ष्मी रोडवर किंवा दादरला ज्या पाटीवर ‘अमुक बुटीक’ लिहिलेलं असतं, तिच्यावर लिहिलेलं असतं ग्रीक कोठारच.

कोठारातून औषधं कुठून आली?

मठांतून, बव्हंशी. मध्ययुगीन मठात झाडपाला, मुळ्या, मसाले, मलमं साठवायची एक खोली असे आणि ती सांभाळणारा एक माणूस. साठवणीच्या खोलीला अपोथेका, सांभाळणाऱ्याला अपोथेकारियुस. जर्मनमध्ये आजही औषधाच्या दुकानाला ‘आपोथेके’, रशियनमध्ये ‘आप्त्येका’. डचांनी हा शब्द इंडोनेशियात नेला आणि तिथे तो ‘आपोतेक’ म्हणून नांदतो. इंग्लंडमध्ये हे औषधवाले आधी किराणावाल्यांच्याच संघात होते, १६१७ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली.

गंमत अशी की खुद्द ग्रीसमध्ये ‘अपोथीकी’ म्हणजे आजही फक्त गोदाम. जर्मन पर्यटकाने अथेन्समध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला ‘अपोथीकी’चा पत्ता विचारला, तर तो पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये जाऊन उभा राहील.

स्पेनमध्ये बुर्गोस प्रांतातल्या सांतो दोमिंगो दे सिलोस या मठात १७०५ मध्ये सुरू झालेली बोतिका आहे. तिथल्या चिनी मातीच्या बरण्या अजून जपून ठेवल्या आहेत. गावोगावच्या बोतिकांना मागे एक खोली असे, ‘रेबोतिका’. औषधं तिथे कुटली जायची हे खरं, पण गावचा डॉक्टर, पाद्री आणि शिक्षक संध्याकाळी तिथेच पत्ते कुटायला आणि राजकारण करायला जमायचे. ‘बोतिकात असतं तसं सगळंच आहे’ ही म्हण स्पॅनिशमध्ये आजही चालते. एखाद्या घोळक्यात बरी-वाईट सगळ्या तऱ्हेची माणसं असली की हे वाक्य येतं.

गोव्याशी किंवा महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, पोर्तुगीजांमुळे. त्यांच्या भाषेत औषधविक्याला ‘बोतिकारियु’ म्हणतात. १५११ मध्ये हिंदुस्थानात आलेला तोमे पिरेश हा असाच एक बोतिकारियु, पोर्तुगालच्या राजपुत्राच्या सेवेतला. मसाल्यांच्या आणि औषधी द्रव्यांच्या कामावर त्याला पाठवलं होतं. त्याने पूर्वेकडच्या बंदरांचं आणि व्यापाराचं जे वर्णन लिहून ठेवलं त्यात गोवा आणि दख्खनही आहेत. पुढे त्याला वकील म्हणून चीनला धाडलं.

दुसरा माणूस गार्सिया द ओर्ता. तो बोतिकारियु नव्हता, वैद्य होता. स्पेनमध्ये सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला. गोव्यात त्याने आयुष्य काढलं आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात हिंग आहे, आंबा आहे आणि कोकमसुद्धा. युरोपातल्या बोतिकांच्या बरण्यांत जे पोचायचं ते मुळात कोणत्या झाडाचं, हे समोर पाहून सांगणारा तो पहिल्या काही युरोपीयांपैकी एक.

आपला ‘गोदाम’ शब्द बोदेगावरून आला का?

नाही. ऐकायला जवळचे वाटतात आणि अर्थही एक, म्हणून शंका येते. गोदाम आणि इंग्रजीतलं गोडाऊन यांचा माग मलय भाषेतल्या ‘गुदांग’कडे जातो, आणि गुदांगचं मूळ बहुधा दक्षिण हिंदुस्थानातच, तमिळ ‘किडंगु’सारख्या द्रविड शब्दांत आहे. माल इथून तिकडे गेला, शब्दही गेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून परत आला.

बोदेगाचा एक स्पॅनिश प्रतिस्पर्धी मात्र आपल्या नात्यातला आहे. स्पॅनिशमध्ये गोदामाला ‘आल्मासेन’ असाही शब्द आहे. तो अरबी ‘अल-मखझन’वरून आला, म्हणजे साठवायची जागा. त्याच अरबी धातूपासून ‘खजिना’ झाला. स्पेनवर काही शतकं अरबी भाषकांचं राज्य होतं, इकडे फार्सीमार्गे तोच धातू आपल्या दफ्तरांत शिरला. बंदुकीचं मॅगझिन आणि वाचायचं मॅगझिन हेही ‘मखझन’चेच वंशज. तर सेव्हियातल्या आल्मासेनचा कारकून आणि आपल्या गणेश मंडळाचा खजिनदार, दोघांच्या हुद्द्यात एकच अरबी धातू.

बाटली म्हणजे ‘बोतेया’. तो शब्द तरी याच घरचा?

तोही नाही. त्याचं मूळ लॅटिन ‘बुत्तिस’, म्हणजे पिंप. हेरेसमध्ये वाइनच्या लाकडी पिंपाला ‘बोता’ म्हणतात तो त्या घरचा. बोदेगात बोता असतात, बोतात वाइन असते, पण नातं फक्त शेजाराचं.

स्पेनमधली बोदेगा आतून कशी असते?

एकसारखी नसते, आणि तिथल्या हवेप्रमाणे बदलते. कास्तियामधल्या आरांदा दे दुएरो या गावाच्या खाली मध्ययुगात खोदलेल्या भुयारांचं जाळं आहे. वरती चौक, चर्च, दुकानं, खाली बोदेगा. तिथला उन्हाळा कडक आणि हिवाळा हाडं गोठवणारा, पण जमिनीखाली तापमान बारा महिने जवळपास सारखं.

हेरेसला उलटं. तिथल्या बोदेगा जमिनीवर, आणि इतक्या उंच की त्यांना कॅथेड्रल म्हणतात. कारण तिथल्या ‘फिनो’ नावाच्या शेरीवर यीस्टचा एक पांढरा थर धरतो. त्याला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. हा थर जिवंत असतो, त्याला हवा आणि दमटपणा दोन्ही लागतं. म्हणून पिंपं काठोकाठ भरत नाहीत. छत उंच ठेवतात, म्हणजे गरम हवा वर जाते. भिंती जाड. जमिनीवर पिवळसर माती पसरलेली असते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. खिडक्या वरच्या बाजूला, गवताच्या पडद्यांनी झाकलेल्या, समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा आत घ्यायला. कोलुमेलाची धुराची माडी आणि हे दालन, दोन्ही एकाच प्रांताच्या डोक्यातून निघाली आहेत यावर विश्वास बसत नाही.

रिओहातल्या आरो गावी मोठ्या बोदेगा रेल्वे स्टेशनच्या भोवती दाटलेल्या दिसतील. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, फ्रेंच व्यापारी वाइन शोधत इथे आले आणि माल थेट गाडीत चढवता यावा म्हणून कोठारं रुळांजवळ बांधली गेली. अलीकडे बोदेगांना नामवंत वास्तुरचनाकारांचा शौक लागला आहे. लाग्वार्दियाजवळची सांतियागो कालात्रावाने बांधलेली लाटेसारख्या छपराची बोदेगा पाहायला लोक जातात आणि वाइन विसरून फोटोच काढत बसतात.

चित्रकलेतलं ‘बोदेगोन’ काय आहे?

बोदेगाला ‘ओन’ हा प्रत्यय लागून झालेला शब्द. आधी अर्थ होता हलक्या दर्जाची खाणावळ. मग अशा खाणावळींची, स्वयंपाकघरांची चित्रं काढली जाऊ लागली, तेव्हा त्या चित्रांनाही तेच नाव पडलं. दिएगो वेलास्केसने १६१८ मध्ये सेव्हियात काढलेलं अंडी तळणाऱ्या म्हातारीचं चित्र हा त्यातला मेरुमणी. ते आता एडिनबराला आहे. पांढरं गोठत चाललेलं अंडं, पितळी खलबत्ता, सुरीची ताटलीवर पडलेली सावली. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता! उच्चभ्रू रसिक अशा विषयांना नाकं मुरडायचे. त्याचा सासरा आणि गुरू फ्रान्सिस्को पाचेकोने मात्र आपल्या ग्रंथात जावयाची बाजू घेतली.

आज स्पॅनिशमध्ये फळं-भांडी यांच्या कुठल्याही स्थिरचित्राला बोदेगोन म्हणतात, त्यात माणूस असो वा नसो. आणि व्हेनेझुएलात गेलात तर बोदेगोन म्हणजे डॉलर मोजून आयात केलेली चॉकलेटं आणि चीज विकणारं दुकान.

न्यूयॉर्कमध्ये बोदेगा म्हणतात ते हेच का?

हेच. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तो रिकोतून माणसं मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आली आणि गावाकडचा शब्द सोबत घेऊन आली. केळी, मोठे राजमे, कॉफी, उधारीची वही, आणि उंदरांसाठी पाळलेलं मांजर. पुढे ही दुकानं मोठ्या प्रमाणात दोमिनिकन लोकांनी चालवली आणि मग येमेनी लोकांनी. २ फेब्रुवारी २०१७ रोजी येमेनसह काही देशांच्या नागरिकांवर अमेरिकेने घातलेल्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ येमेनी दुकानदारांनी हजाराहून जास्त बोदेगा काही तास बंद ठेवल्या आणि ब्रुकलिनमध्ये सभा घेतली. ग्रीक मूळ, लॅटिनमार्गे स्पॅनिश शब्द, आणि त्या शब्दाखाली एकवटलेले अरबी बोलणारे दुकानदार.

त्याच वर्षी दोन उद्योजकांनी माणसाशिवाय चालणाऱ्या काचेच्या कपाटांचा धंदा काढला आणि त्याला नाव दिलं ‘बोदेगा’. शहर असं काही खवळलं की शेवटी नाव बदलावं लागलं. दुकानदाराला घरी बसवणाऱ्या यंत्राला त्याच्याच दुकानाचं नाव द्यायचं, हे जरा अतिच होतं.

आणि क्युबात रेशन?

तिथे १९६२ मध्ये रेशनची व्यवस्था सुरू झाली. घराची नोंद असलेली वही घेऊन नेमून दिलेल्या बोदेगात जायचं, तांदूळ, साखर, डाळ, तेल काय आलं असेल ते घ्यायचं, वहीत खूण करून घ्यायची. ज्यांनी आपल्याकडची रॉकेलची रांग पाहिली आहे त्यांना जास्त समजावायला नको.

कॅलिफोर्नियातल्या ‘बोदेगा बे’ला वाइनचं कोठार होतं का?

नव्हतं. ते नाव माणसाचं आहे. हुआन फ्रान्सिस्को दे ला बोदेगा इ क्वाद्रा हा लिमात जन्मलेला स्पॅनिश नौदल अधिकारी १७७५ मध्ये त्या किनाऱ्यावरून गेला. आपल्याकडे कोठारे किंवा कोठावळे असतात तसं ते आडनाव.

उच्चार ‘बोदेगा’ की ‘बोडेगा’?

बोदेगा. स्पॅनिश ‘द’ दंत्य आहे, आपल्या ‘दगडा’तला, आणि दोन स्वरांमध्ये तो आणखी सैल होतो. ‘बोडेगा’ हे इंग्रजीच्या वळणाने आलेलं. मराठी माणसाला मूळ ग्रीक उच्चारही सोपा जाईल, कारण प्राचीन ग्रीकमधला तो ‘थ’ आपल्या ‘थ’सारखाच महाप्राण होता.

‘थेके’ आणखी कुठे दिसतं?

बिब्लिओतेका म्हणजे ग्रंथालय, एमेरोतेका म्हणजे वर्तमानपत्रांचं संग्रहालय, दिस्कोतेका म्हणजे काय ते सांगायला नको. सर्वांत काळजाला भिडणारा शब्द ‘इपोतेका’. ग्रीक ‘इपो’ म्हणजे खाली, आपल्या ‘उप’चा भाऊबंद. एखादी वस्तू कर्जाखाली ठेवायची, म्हणजे गहाण. स्पेनमधलं तरुण जोडपं घर घेताना बँकेशी तीस वर्षांसाठी जे नातं जोडतं ते इपोतेका. हे सगळे पुस्तकी मार्गाने आलेले शब्द, म्हणून यांच्यात त आणि क शाबूत आहेत.

रोजच्या स्पॅनिशमध्ये असे आणखी ग्रीक शब्द आहेत का, विज्ञानाचे सोडून?

पुष्कळ. ‘पालाब्रा’ (शब्द) हा ग्रीक ‘पाराबोले’वरून. ‘गोल्पे’ (फटका) हा ‘कोलाफोस’वरून, म्हणजे थोबाडीत. काकाला आणि मामाला दोघांनाही लागणारा ‘तियो’ हा ग्रीक ‘थेइओस’. माद्रिदची पोरं आता एकमेकांना ‘तियो’ म्हणतात, आपल्याकडे मित्राला ‘काका’ म्हणतात त्याच सुरात.

माझा लाडका मात्र ‘कादा’, म्हणजे प्रत्येक, दर. हे मुळात ग्रीक ‘काता’, एक साधं शब्दयोगी अव्यय. मोठे भारदस्त शब्द उसने घेणं सगळ्याच भाषा करतात. असं बारकं अव्यय उसनं घ्यायला मात्र रोजचा घरोबा लागतो. चौथ्या-पाचव्या शतकात संत जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं. त्यात यहेज्केलच्या पुस्तकात रोज सकाळी द्यायच्या अर्पणाबद्दल ‘काता माने माने’ असे शब्द आहेत: दर सकाळी. आजचा स्पॅनिश माणूस त्यासाठी ‘कादा मान्याना’ म्हणतो, आणि त्यातला ‘मान्याना’ त्याच ‘माने’पासून झालेला आहे.